मे महिन्यात मूल असतं कुठे?

एप्रिलचा दुसरा आठवडा उजाडला की आमच्या सोसायटीच्या पालक-ग्रुपवर दरवर्षीचा वाद सुरू होतो. एका बाजूला वर्कशीटवाले. त्यांच्याकडे पीडीएफ तयार असते: रोज एक पान, अक्षरं गिरवा, आकडे जोडा, आणि शेवटच्या पानावर ‘समर स्लाइड’, म्हणजे सुट्टीत मुलं मागे पडतात, या नावाचा बागुलबुवा. दुसऱ्या बाजूला मोकळीकवाले. ‘आपण नाही का वाढलो? दिवसभर उन्हात, कैऱ्या पाडत, मामाच्या वाड्यात...’ त्यांच्या मेसेजला जास्त बदाम पडतात. २०२५ साली राज्यभर पहिली ते नववीच्या परीक्षा २५ एप्रिलपर्यंत लांबवल्या, तेव्हा हाच वाद वर्तमानपत्रांत पोचला. एवढ्या उन्हात मुलांना बोलवायचं का, पेपर तपासायचे कधी, गावाला जायची तिकिटं काढली आहेत त्यांचं काय, यावर भरपूर लिहून आलं. भांडण सगळं सुट्टी किती दिवसांची यावर. ती दीड महिना असो की महिना, तेवढ्या दिवसांत चार-पाच-सहा वर्षांचं मूल सकाळी नऊ ते संध्याकाळी सहा कुणाजवळ असतं, हे माझ्या तरी वाचनात कुणी विचारलेलं आलं नाही.

मला वाटतं, विचारायचं तेच आहे. लहान मुलांची सुट्टी कापायची गरज नाही, ती अभ्यासाने भरायचीही नाही. मदत आई-बापांना लागते, आणि ती कागदाने, लिंकने किंवा सल्ल्याने भागत नाही. सकाळचे चार तास उघडी असणारी एक सावलीची जागा, आणि तिथे त्या कामाचे पैसे घेऊन बसलेलं एक माणूस, एवढी ती मदत आहे. मूल तिथे काय शिकेल हा त्याच्या नंतरचा प्रश्न.

आमच्याकडे कामाला येणाऱ्या बाई आणि मी, आम्ही दोघी एकमेकींना ताईच म्हणतो. मे महिन्यात त्यांच्याबरोबर त्यांची मुलगी येते. साडेपाच वर्षांची, जूनमध्ये पहिलीत जाणार. ओट्याशेजारी भिंतीला टेकून बसते. गेल्या मेमध्ये एकदा तिने धुतलेल्या भांड्यांच्या टोपल्यातून चमचे काढले आणि फरशीवर ओळी लावल्या. डाव एका ओळीत, चहाचे चमचे दुसऱ्या, काटे तिसऱ्या. लोणच्याच्या बरणीतला लांब दांड्याचा चमचा तेवढा कुठे बसेना. दांडा डावासारखा, तोंड चहाच्या चमच्यापेक्षाही लहान. तो हातात धरून ती बराच वेळ विचार करत होती. तेवढ्यात आईचं लक्ष गेलं. “हात लावू नको गं, दुसऱ्याच्या घरातलं आहे.” पोरीने हूं की चूं न करता सगळे चमचे गोळा करून परत टोपल्यात टाकले. ‘असू दे हो’ हे माझे शब्द तोवर उशिराचे झाले होते.

हा प्रसंग मनात राहिला, कारण नेमकी हीच कृती पालकांनी मुलांकडून करून घ्यावी म्हणून आपल्याकडे एक सरकारी कार्यक्रम आहे. ‘पहिले पाऊल’ या नावाने २०२२ पासून राज्यात शाळापूर्व तयारी अभियान चालतं. पहिलीत दाखल होणाऱ्या मुलांसाठी एप्रिलमध्ये शाळेत एक मेळावा होतो, जूनमध्ये दुसरा. मेळाव्यात सात टेबलं मांडलेली असतात: नोंदणी, शारीरिक विकास, बौद्धिक विकास, भाषा, गणनपूर्व तयारी असं करत शेवटी पालकांशी बोलणं. मुलाला काय येतं, काय अजून जमत नाही, ते विकासपत्रावर लिहितात. मग दोन मेळाव्यांमधल्या आठवड्यांसाठी वस्तीतल्या आयांचे माता गट करायचे, त्यांना कृतींची आयडिया कार्डं द्यायची आणि आयांनी ती घरी मुलांकडून करून घ्यायची. घरातल्या वस्तूंचे गट करा, लहान-मोठं ओळखा, गोष्ट सांगा. पहिलीच्या आधीच्या उन्हाळ्याकडे सरकारने लक्ष द्यावं आणि ते आईच्या हाताला हात लावून द्यावं, ही कल्पना मला मनापासून पटते. पण त्या मुलीच्या मे महिन्यात ‘घरातल्या वस्तू’ माझ्या घरातल्या आहेत. तिचं स्वतःचं घर सकाळी साडेसातला कुलूप लावून बंद होतं. माता गट जमायचा तो कधी? दुपारी, की ताई चौथं घर करून परतल्यावर? (आणि बाप गट का नाही, हे विचारायचं आपण अजून टाळतोच.)

मोकळीकवाल्यांचं म्हणणं मी हलकं धरत नाही. लहान मूल हाताने, पायाने, मातीने, भांडणाने शिकतं यात शंका नाही, आणि मराठी मुलखाला हे परदेशी पुस्तकांतून कळायची गरज पडलेली नाही. गच्चीवर पापड वाळत घातलेत. खाटेवर एका ओळीत सात, अशा पाच ओळी. कावळ्यांना हाकलायला नातवंडं बसवली आहेत. एखादा पापड कमी झाला तर कुणी लाटी खाल्ली, कुणी अर्धवट वाळलेला पापड पळवला, यावरून तंटा. त्या तंट्यात मोजणी आहे, वजाबाकी आहे, साक्षीपुरावे आहेत. चिंचोक्यांच्या चल्लस-आठात जेवढं गणित आहे तेवढं कुठल्याही वर्कशीटमध्ये नाही. कंटाळा येणंही चांगलं असतं. हे सगळं मान्य.

पण त्या आठवणीतल्या मे महिन्याला माणसं किती लागत होती, याचा हिशेब कुणी मांडत नाही. आजी होती, घरात असलेली काकू होती, वाड्यात दारं उघडी टाकून बसलेल्या चार शेजारणी होत्या, पाच वर्षांच्या मुलावर नजर ठेवणारी बारा वर्षांची बहीण होती. मामाचा गाव फुकट नव्हता, तो मामीच्या कष्टांवर चालत होता. दहा भाचरांच्या आंब्याच्या राड्यानंतर पाटाखालची फरशी कोण पुसत होतं? आज ती मामी बँकेत आहे, नाहीतर दुसऱ्याच्या घरी पोळ्या करते आहे. वाडा पाडून तिथे पार्किंग झालं. बारा वर्षांच्या बहिणीला आपण आता घरकामातून सोडवून शाळेत पाठवतो, आणि ते योग्यच आहे. मग मोकळं सोडायचं ते कुठे? बंद खोलीत मोबाइलसमोर बसवलेल्या मुलाला कुणी मोकळं सोडलेलं म्हणत नाही. मोकळेपणालाही जवळपास एक मोठं माणूस लागतं, अंगावर न येणारं पण हाकेच्या अंतरावरचं.

आता वर्कशीटवाले. त्यांची भीती पोकळ नाही, फक्त पत्ता चुकला आहे. सुट्टीत मुलं मागे पडतात हा सिद्धान्त मुख्यतः अमेरिकेतून आला. बाल्टिमोर शहरात १९८२ साली पहिलीत गेलेल्या मुलांचा वर्षानुवर्षं पाठपुरावा झाला. संशोधकांना दिसलं ते असं, की शाळा सुरू असताना गरीब आणि सुखवस्तू मुलं जवळपास सारख्याच वेगाने पुढे जातात आणि अंतर वाढतं ते उन्हाळ्यात. त्यांनी नळाची उपमा दिली: शाळा असते तोवर नळ सगळ्यांसाठी वाहतो, उन्हाळ्यात गरिबांचा बंद होतो. उन्हाळ्यात नळ कोरडे पडणं आपल्याला समजावून सांगावं लागत नाही, म्हणून ही उपमा आपल्याकडे चटकन चिकटली. पण पॉल फॉन हिपेल या अभ्यासकाने २०१९ मध्ये हाच निष्कर्ष पुन्हा तपासून पाहिला, तेव्हा जुन्या चाचण्यांच्या रचनेतच दोष असल्याचं आणि नव्या चाचण्यांत ते अंतर तसं दिसत नसल्याचं त्याने दाखवलं. म्हणजे ज्या बागुलबुवाच्या नावावर पन्नास पानी पीडीएफ फिरते, त्याच्याबद्दल त्याच्या माहेरीच एकमत नाही.

आपल्याकडचं दुखणं वेगळं आहे. मुलांना वाचता-मोजता किती येतं याची पाहणी करणाऱ्या ‘असर’च्या २०२४ च्या अहवालानुसार देशाच्या ग्रामीण भागातल्या सरकारी शाळांतल्या तिसरीच्या मुलांपैकी २३.४ टक्के मुलांना दुसरीच्या पातळीचा मजकूर वाचता आला. २०२२ मध्ये हे प्रमाण १६.३ टक्के होतं, म्हणजे सुधारणा आहे. तरी चारातली तीन मुलं उरतातच. ती दीड महिन्यात विसरली असं कसं म्हणायचं? जे आलंच नाही ते विसरणार कसं? बरं, ही वर्कशीटं पोचतात ती ज्यांच्या घरी प्रिंटर आहे आणि शेजारी बसून ‘ग गणपतीचा’ म्हणवून घेणारं कुणी आहे त्यांच्याकडे. म्हणजे ज्यांना त्यांची गरज सगळ्यांत कमी त्यांच्याकडे.

कागद आणि लिंक पाठवून काय होतं, याचा आपण एक मोठा प्रयोग करून बसलो आहोत. कोविडच्या काळात ‘शाळा बंद, पण शिक्षण आहे’ म्हणत रोज सकाळी अभ्यासमाला व्हॉट्सॲपवर यायची. करणाऱ्यांनी ती जीव ओतून केली होती. पण घरात एकच फोन, तो बापाच्या खिशात, बाप कामावर. त्याच सुमारास बोट्स्वाना देशात एक साधी पण नेमकी चाचणी झाली. काही पालकांना आठवड्याला गणिताचा एसएमएस पाठवला. काहींना एसएमएस आणि त्याबरोबर पंधरा-वीस मिनिटांचा फोन: मूल आणि पालक दोघं स्पीकरवर, पलीकडे शिकवणारं माणूस. नुसत्या एसएमएसने फारसा फरक पडला नाही. फोनवाल्यांच्या मुलांना गणित खरोखर चांगलं यायला लागलं. पुढे भारतासह आणखी पाच देशांत हे करून पाहिलं, तिथेही फोन लागू पडला. मजकुरात मोठासा फरक नव्हता. पलीकडून ‘काय मग, जमलं का?’ असं विचारणारं कुणीतरी होतं, एवढाच फरक.

आणि ‘माणूस मुलाकडे जातं’ ही कल्पना आपल्याच मातीत रुजलेली आहे. ताराबाई मोडकांनी १९४५ मध्ये बोर्डीला बालवाडी सुरू केली. आदिवासी पाड्यांवरची मुलं काही बालवाडीत येईनात. एखादीने पालकांच्या अनास्थेवर लेख लिहिला असता. ताराबाई आणि अनुताई वाघांनी बालवाडी उचलून पाड्यावरच्या अंगणात नेली, म्हणून ती अंगणवाडी. ढोरं राखायला गेलेली मुलं तिथेही येईनात, तेव्हा शिकवणारं माणूस कुरणात गेलं आणि तिची कुरणशाळा झाली. १९५७ मध्ये हे काम कोसबाडच्या टेकडीवर गेलं. त्याही आधी शंभर वर्षं, १८५५ मध्ये जोतीरावांनी दिवसभर राबणाऱ्यांसाठी रात्रीची शाळा काढली होती. राबणाऱ्याला दिवसा वेळ नाही ना, मग शाळेनेच आपली वेळ बदलावी, असा तो सरळ विचार. १९७५ मध्ये एकात्मिक बालविकास योजना आली आणि ‘अंगणवाडी’ हा शब्द देशभर गेला. शब्द गेला, पण त्यातलं अंगण वाटेत कुठेतरी राहिलं. आज आपण पालकालाच सांगतो की तू मेळाव्याला ये, तू गटात ये, तू ॲप उतरवून घे.

सुट्टी सगळ्यांची सारखी नसते, हे ज्यांना पाहायचं असेल त्यांनी बीडकडे पाहावं. ऊसतोडणीच्या टोळ्या दसरा-दिवाळीच्या सुमारास निघतात आणि मार्च-एप्रिलमध्ये परततात. थोरली मुलं हंगामी वसतिगृहात किंवा आजीजवळ राहिली तर राहतात. धाकटी आई-बापाबरोबर फडावर जातात, पाचटाच्या कोपीत राहतात. ही मुलं गावात येतात तेव्हा शाळा परीक्षा उरकून कुलूप शोधत असते. म्हणजे हे मूल आपल्या गावात परतलं, आई-बाप फडावर नाहीत, नेमके तेच पहिले आठवडे वर्गखोली बंद. उलट वसई-भिवंडीकडच्या वीटभट्ट्या पावसाच्या तोंडापर्यंत चालतात, तिथल्या मुलांचा मे भट्टीवरच जातो. विधायक संसद या संस्थेने त्यांच्यासाठी भट्टीवरच्या भोंग्यांत, म्हणजे कामगारांच्या झोपड्यांत, भोंगाशाळा काढल्या होत्या. या दोन्ही ठिकाणच्या पालकांना ‘सुट्टीत मुलांना अभ्यास द्यावा की खेळू द्यावं?’ असं विचारून बघा. तुमच्याकडे बघत राहतील.

यावर सगळ्यांत वजनदार आक्षेप येतो तो अंगणवाडी ताईंकडून, आणि तो मोडीत काढता येत नाही. वजनं-उंची त्यांनी घ्यायची, आहार त्यांनी वाटायचा, गरोदर बायांच्या भेटी, मोबाइलवर नोंदी, वर आलं-गेलं प्रत्येक सर्वेक्षण. मानधनासाठी डिसेंबर २०२३ मध्ये त्यांना संपावर जावं लागलं आणि तो दीड महिन्याहून जास्त चालला. त्यांच्याच डोक्यावर मे महिन्याचं हे आणखी एक गाठोडं ठेवायचं असेल तर हा लेख इथेच फाडून टाका. शिक्षकांचंही तेच, त्यांची सुट्टी निवडणूक आणि जनगणनेने आधीच कुरतडलेली असते.

म्हणून माणूस नवं हवं. सहा आठवड्यांपुरतं, त्याच वस्तीतलं, पैसे देऊन. डीएड करून घरी बसलेल्या मुली आपल्याकडे थोड्या आहेत का? मुंबईत १९९५ च्या सुमारास ‘प्रथम’ या संस्थेने झोपडपट्ट्यांत बालवाड्या सुरू केल्या, तेव्हा इमारती बांधल्या नाहीत. देवळाचा कट्टा, मंडळाची खोली, कुणाच्या घराची पुढची बाजू, आणि शिकवायला त्याच वस्तीतली दहावी-बारावी झालेली मुलगी. मूल सांभाळणं हे मजुरी देण्याजोगं काम आहे हेही कायद्याला ठाऊक आहे. २००५ च्या रोजगार हमी कायद्यात तरतूद होती, की कामावर सहा वर्षांखालची पाच किंवा जास्त मुलं असतील तर त्यांना सांभाळायला एका बाईला नेमायचं आणि तिला मजुरी द्यायची. प्रत्यक्षात कामावर बाभळीला बांधलेली झोळीच दिसायची, ती गोष्ट निराळी. तत्त्व मात्र कागदावर होतं. सुट्टीत सरकारची जबाबदारी संपते का, हा प्रश्नही अन्नाच्या बाबतीत सुटलेला आहे. दुष्काळी भागात उन्हाळी सुट्टीतही मुलांना मध्यान्ह भोजन द्या, असं सर्वोच्च न्यायालयाने २००४ मध्ये सांगितलं आणि २०१६ च्या दुष्काळात पुन्हा सांगितलं. पोटाला सुट्टी नसते हे आपण मान्य केलं. सहा वर्षांच्या मुलाला एकटं ठेवता येत नाही, या गोष्टीला तरी सुट्टी असते का?

उन्हाचं उत्तर सोपं आहे. मार्चपासून शाळा सकाळच्या भरतातच. साडेसात ते साडेअकरा, विदर्भात त्याहून लवकर. वर्गखोलीत पंखा आणि पाण्याचा माठ. पाठ्यपुस्तक नको, परीक्षा नको. चिंचोके, खडू, दोऱ्या, गोष्टींची पुस्तकं. पुस्तकांवरून आठवलं: १९६७ च्या कायद्याखाली राज्यात हजारो सार्वजनिक ग्रंथालयं अनुदान घेतात. त्यातल्या एकाचा बालविभाग माझ्या घरापासून चालत दहा मिनिटांवर आहे. तो संध्याकाळी दोन तास उघडतो आणि पुस्तकं काचेच्या कुलूपबंद कपाटात असतात. मुलांनी बाहेरून बोट दाखवायचं, मग किल्ली येते. मेमध्ये किल्लीवाले गावी.

‘ज्याने त्याने आपली मुलं सांभाळावीत’ असं म्हणणाऱ्यांमध्ये मीही बसते, म्हणून माझंच सांगते. मुलगा सहा वर्षांचा असताना मी त्याला पाच दिवसांच्या एका उन्हाळी शिबिरात घातलं. जाहिरातीत व्यक्तिमत्त्व विकास, वक्तृत्व, वारली चित्रकला असं बरंच होतं. वेळ दहा ते साडेबारा. सोडायला मी, आणायला अर्धी रजा टाकून पुन्हा मीच. पाच दिवसांत त्याने कागदी प्लेटला लोकर चिकटवून एक सिंह केला, त्याची आयाळ रिक्षातच गळाली. मी तक्रार केली नाही, कारण खरं सांगायचं तर पैसे मी सिंहाचे भरलेच नव्हते. अडीच तासांचे भरले होते. शिबिरं भरतात ती यासाठी. मध्यमवर्ग हे तास विकत घेतो आणि त्याला संस्कार म्हणतो. ज्यांना विकत घेता येत नाहीत त्यांना आपण पालकत्वाच्या टिपा पाठवतो.

या एप्रिलमध्ये आमच्या जवळच्या शाळेत ‘पहिले पाऊल’चा मेळावा होता. फाटकावर रांगोळी आणि फुगे दिसले म्हणून मी ताईंना सांगितलं, उद्या पोरीला घेऊन जा, खेळ असतात, तुम्हालाही कार्डं देतील, सुट्टीत घरी काय करायचं त्याची. त्यांनी हातातलं पातेलं विसळून उपडं घातलं, पदराला हात पुसले.

“किती वाजेपर्यंत ठेवतात?”

मी म्हटलं, ठेवत नाहीत, मेळावा आहे, आई बरोबर लागते.

“मग नको. तिसरं घर बाराला सुटतं माझं.”